क्रोनोग्राफ आला आणि बहाणे गेले

चार नेमबाज एकत्र बसले की नेमापेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या घमापुरच्या एअर रायफल क्लबात तर क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं मशीन, आल्यापासून किश्शांना ऊत आलाय!

ते घ्यायला लावलं मेश्राम काकांनी. क्लबातले सगळ्यात जुने नेमबाज. हल्ली त्यांचे छर्रे भरकटायचे. "हात ठीक आहे माझा, रायफलची स्प्रिंग कमजोर होऊन राहिली, छर्ऱ्याचा वेग कमी-जास्त होते," ते म्हणायचे. मशीननं ते खरं ठरवलं, तरच टीममधली त्यांची जागा टिकणार होती.

*

मशीन निवडायला मीटिंग भरली. एक नळीवर बसवायचं, दुसरं समोर स्टँडवर ठेवून त्याच्यावरून छर्रा मारायचा. सेक्रेटरी खांडेकर म्हणाले, "नळीवरचं नको, वजनानं निशाणा बिघडते." स्टँडवालं आलं. पहिल्याच दिवशी खांडेकरांचा छर्रा थेट मशीनवर! इतका मधोमध नेम त्यांचा टार्गेटवर कधी लागला नव्हता.

*

दुरुस्त होऊन आल्यावर ते हॉलमध्ये भलतेच आकडे दाखवू लागलं. ज्याची त्याची रायफल तुफान! टीमच्या राखीव खेळाडू वंदना दीदी शाळेत विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, "ट्यूबलाईटनं मशीन फसतंय. बाहेर मोजा."

बाहेर मोजलं, तर सगळ्यांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्यूबलाईटखाली लाईन!

*

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली. खांडेकर वहिनींनी रायफलींबरोबर मशीनच्या दोन्ही सेन्सरनाही हळदकुंकू लावलं. झालं, दिवसभर एरर! खांडेकर रुमाल घेऊन पुढे झाले, तर वहिनी कडाडल्या, "सणाच्या दिवशी कुंकू काहून पुसून राहिले?"

रुमाल खिशात गेला. त्या दिवशी काकांच्या रायफलची टेस्ट होती, ती पुढे ढकलली. काका जरा जास्तच खूश दिसले.

*

शेवटी टेस्ट झाली. अंगणात आम्ही सगळे काकांच्या मागे उभे. काका छर्ऱ्यामागून छर्रा मारत होते आणि वेग जवळपास तोच येत होता. स्प्रिंगमध्ये काही खोट नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मशीनचे सगळ्यात मोठे वकील खांडेकर. तेच एकदम म्हणाले, "काका, मशीन ही बिगड़ी है! उद्याच परत पाठवतो."

"अच्छा, तरीच!" आम्ही सगळे एका सुरात.

काकांनी शांतपणे रायफल पुसली आणि वंदना दीदींच्या हातात दिली.

"मॅचमध्ये हिनंच मार, बेटा. स्प्रिंग एकदम मस्त आहे!"