सावळीच्या आधीचा ठोका

बायकोला हे माहीत नाही. माझ्यासोबत स्पीकरचे बॉक्स उचलणाऱ्या पोरांना माहीत नाही. देवापुढं उभा राहिलो तरी मनातल्या मनात कधी बोललो नाही — बोललो असतो तर मलाच ऐकू आलं असतं ना? आज पहिल्यांदा सांगतोय, आणि तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच जमतंय. मधीच थांबलो तर थांबू द्या.

मी डीजेवाला. चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे, दुकानाला लागूनच मागं घर. लग्न, हळद, बारसं, पुढाऱ्याचा वाढदिवस — बोलवाल तिथं गाडी लागते. माझा स्वभाव तापट, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. आवाज कमी कर म्हणणाऱ्या नवरदेवाच्या मामाला मी मांडवात सरळ केलंय. मला भित्रा कुणी म्हणणार नाही. तेच तर — जाऊ द्या, येईल पुढं.

ते गाणं तुम्ही ऐकलेलंच असणार. मुंबईची ती पॉपवाली गायिका, तिचा नवा अल्बम, सगळाच्या सगळा क्लबमधल्या नाचाच्या ठेक्यावर. त्यातलं हळदीचं गाणं. आधी नुसता बेस, मग एका बाईचा खरखरीत आवाज येतो — 'पाटावर बसली गं, माझी' — मग एक ठोका, धम्म! — आणि मग 'सावळी'. त्या ठोक्यावर पोरं वेड्यासारखी उड्या मारतात. तो ठोका माझा. रेकॉर्डिंगबी माझं. आणि आवाज कौसामावशीचा.

कौसामावशी आमच्या घरामागं राहते. आई शेतात गेली की लहानपणी मी तिच्याच चुलीपाशी जेवायचो. आमच्याकडं हळदीच्या आधी जातं मांडतात. आता सगळी हळद दुकानातून तयार येते, तरी पाच मुठी तेवढ्या जात्यावर दळायच्याच. बाया दळतात, ओव्या म्हणतात, आपापल्या माणसांची नावं घेतात — भावाचं, बापाचं, लेकीचं. मावशीला त्यासाठी लिंबागणेशपासून बोलावणी यायची.

मावशीला एकच लेक. सुमन. ऊसतोडीला गेले असताना फडावरच तापानं गेली, पोरवयात. आता लग्नाच्या घरात मेलेल्या माणसाचं नाव काढू नये, हे मावशीला काय कळत नव्हतं? पण शेवटची मूठ दळताना ती एक ओवी सुमनची म्हणायचीच. 'पाटावर बसली गं, माझी सुमन सावळी.' दुसऱ्याच्या लेकीच्या हळदीत आपल्या लेकीला हळद लावून घ्यायची. बाकीच्या बाया जोरात बांगड्या वाजवायच्या, हसायच्या, म्हणजे नवरीच्या आईला ऐकू जायला नको. कुणी कधी टोकलं नाही. सुमनचं नाव घ्यायची तेवढी एकच जागा होती तिला.

माझ्या बहिणीच्या हळदीला मी ते टेप केलं. मोबाइल जात्यापाशीच ठेवलेला. पुढं त्याच्यावर बेस चढवला, रील टाकली, आणि ती कुठून कुठं गेली बघा — एक दिवस खुद्द त्या गायिकेचा फोन. मी दुकानात वायरी गुंडाळत होतो.

नाव आधीच कापलेलं होतं. मी सगळ्यांना सांगतो की तिथला एक शब्द ठेक्यात बसत नव्हता, म्हणून ठोका टाकला. ते अर्धं खरं आहे. जरा ओढलं असतं तर 'सुमन' बसलं असतं, मला येतं तेवढं काम. मी नाव कापलं कारण 'सुमन' ऐकल्यावर आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा म्हणालं असतं, ही कौसामावशी हाय की! आणि मग गाणं तिचं झालं असतं.

इथवर चोरीच झाली. चोरी सांगायला एवढा जीव घाबरा होत नाही, राव.

ती बाई फोनवर लई गोड बोलली. म्हणाली, हा आवाज कुणाचा? मला त्यांना भेटायचंय, स्टुडिओत शेजारी बसवून त्यांच्याकडून शिकायचंय, अल्बमवर त्यांचं नाव टाकायचंय. मला काय दिसलं सांगू? मावशी गाडीत बसून मुंबईला चाललीय, आणि मी दारात हात हलवतोय. दुसऱ्यांच्या वरातीत घाम गाळत इतकी वर्षं गेली, आणि बोलावणं आलं ते — हिला?

मी म्हणालो, "ती वारली."

बघा. बाहेर पडलं. त्या वेळी मावशी मागच्या अंगणात कोंबड्यांना हाकलत होती. मला तिचा आवाज ऐकू येत होता, आणि फोनवर तो जाऊ नये म्हणून मी दुकानाचं मागचं शटर खाली ओढलं.

नाव विचारलं तर म्हणालो, माहीत नाही, कुणीतरी लांबची म्हातारी होती. अल्बमवर माझं नाव आलं. पुण्याला एका क्लबात कार्यक्रम होता, मला बोलावलं. मी नवा शर्ट घालून गेलतो. उतरलो तेवढ्यात मावशीचा फोन — "पोचला का रं? काही खाल्लंस का?" संध्याकाळी स्टेजवरून ती गायिका बोलली, ज्यांचा हा आवाज आहे त्या आजी आता आपल्यात नाहीत. सगळ्यांनी मोबाइलच्या बॅटऱ्या वर धरल्या. जित्या बाईला श्रद्धांजली! आणि मी — मान खाली घालून उभा. खोटं कशाला बोलू, लोक येऊन हात मिळवत होते ते मला आवडलं.

मग हळदीला तेच गाणं मागू लागले. लिंबागणेशच्या एका हळदीत पोरांनी गिल्ला केला, लावावंच लागलं. मावशी ओव्या म्हणायला आली होती, जात्यापाशी बसलेली. मी तिच्याकडं बघत नव्हतो, आणि तरी बघतच होतो. ती उठली. हळदीचे हात तसेच घेऊन बॉक्सपाशी आली आणि कान देऊन उभी राहिली. 'माझी' आलं, ठोका पडला, आणि त्या ठोक्यात तिचे ओठ हलले. सुमन. परत ठोका, परत सुमन. पोरं नाचत होती.

गाणं संपल्यावर म्हणाली, "हा माझाच गळा हाय का रं?"

आता तरी! — एवढं मनात आलं. पण तोंड कसलं ऐकतंय? म्हणालो, "न्हाई मावशी, मशीन हाय. आता मशीनला कुणासारखंबी गाता येतं."

तिनं विश्वास ठेवला. तिनं वाढलेलं ताट मी तरी कधी तपासलं होतं? वरून कौतुकानं बायांना सांगत सुटली, मशीन माझ्यावानी गातंय गं, माझ्याहून चांगलं गातंय, ना खोकला येत, ना दम लागत. आणि त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं. बोलवायला गेलं की म्हणते, "मशीन हाय की आता. माझं काय काम?"

एकदाच ती दुकानात आली. स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, त्या गाण्यात सावळीच्या आधी जागा मोकळी हाय. तिथं मशीनला एक नाव घ्यायला लावशील का? बारीक आवाजात घेतलं तरी चालंल, कुणाला ऐकू न्हाई आलं तरी चालंल.

ते कापलेलं 'सुमन' तिच्याच आवाजात माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. आजही आहे. मी तिच्यासमोर माऊसवर हात ठेवून बसलेलो होतो.

म्हणालो, "न्हाई मावशी, तसं न्हाई जमत मशीनला."

ती "बरं बाबा" म्हणाली आणि गेली. त्यानंतर आमच्याकडच्या कुठल्याच हळदीत सुमनचं नाव निघालेलं नाही.