उजेडातली बोट

लेकीनं दोन तारखा पुढं ठेवल्या होत्या. ती नॉर्वेत नोकरीला आहे. तिथल्या किनाऱ्यानं एक बोट उत्तरेकडं जाते, डोंगरांच्या पोटात शिरलेल्या समुद्रातून, ज्याला तिकडं फ्योर्ड म्हणतात. फेब्रुवारीत गेलं तर दिवस आखूड, पण रात्री आभाळात हिरवा उजेड नाचतो. जूनमध्ये गेलं तर वरच्या अंगाला सूर्य मावळतच नाही. येळवशीच्या सणाला संध्याकाळपर्यंत कळवा, नंतर तिकिटं मिळायची नाहीत, असं तिनं बजावलं होतं.

आमच्या ह्यांनी निकाल तिथल्या तिथं लावला. फेब्रुवारी. जूनमध्ये मिरगाची पेरणी, आणि बी पेरायच्या चाड्यावर दुसऱ्याचा हात त्यांनी आजवर कधी चालू दिला नव्हता. आमच्या गावात, हुलसुरात, चार जणांना हिरव्या उजेडाचं सांगूनही आले, जणू स्वतःच बघून आलेत.

मला मात्र जूनच हवा होता, आणि का ते सांगायची सोय नव्हती. गेल्या उन्हाळ्यात चष्म्याचा नंबर काढून येते म्हणून मी एकटीच कलबुर्गीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, नजर कडांकडून जात चाललीय. अंधारातली आधी जाईल, उजेडातली मागाहून. किती मागाहून, ते त्यांनाही सांगता येईना. घरी येऊन मी म्हटलं, नंबर वाढलाय; रडू आलं की चुलीच्या धुराचं नाव पुढं करायची. खरं बोलले असते तर चुलीपासून शेतापर्यंत सगळं माझ्या हातातून काढून घेतलं असतं आणि बोटीचं नावही कुणी काढलं नसतं. मला कुणाची कीव नको होती. मला ते डोंगर बघायचे होते.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबिल झालं, पाहुणे सुस्तावले. ऊन होतं तोवर माझा तोरा काही कमी नव्हता. ते ज्वारीवरनं उतरायला लागलं तशी मी पाय चाचपून टाकायला लागले. दिवस मावळताना कोपीपुढं दूध उतू घालतात, आणि ते ज्या दिशेला सांडेल त्यावरनं पुढचं साल कसं जाईल ते बघतात. ती दिशा सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायचा मान आमच्या घरात थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा.

मी जाळाजवळ उभी राहिले, तोंड पूर्वेला करून. जावेनं मोबाइल धरला होता, त्यात लेक बघत होती. पेटवायची कडब्याची पेंढी घेऊन हे शेजारीच थांबले होते, दूध उतू गेलं की ती पेटवून पिकाला फेरी मारायची म्हणून. मला जाळ दिसत होता. मडकं दिसत नव्हतं. जाळाभोवती नुसता काळोख. चर्र आवाज आला आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत असणार, हे मला न दिसताही कळलं. मागच्या साली दूध पूर्वेला गेलं होतं.

"पूर्वेला," मी म्हटलं.

मग मोबाइलमधनं लेकीचा आवाज आला, "आई, पश्चिमेला, तुझ्याच अंगाला सांडायलंय की."

ह्यांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. आता ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली. पण आवाज अगदी हळू होता. "कवापासनं दिसना झालंय?"

मी सांगितलं. कलबुर्गीचं, डॉक्टरांचं, उजेडातलीही नजर जाणार त्याचं. सगळ्यांदेखत सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पेंढी त्यांच्या हातात तशीच होती. दुसऱ्या हातानं त्यांनी जावेकडनं मोबाइल घेतला.

"जूनची काढ," ते लेकीला म्हणाले.

"आणि पेरणी, अप्पा?"

त्यांनी पेंढी जाळाला लावली. मग म्हणाले, "चाडं तुझ्या काकाला देतो."

मला रडू फुटलं. या वेळी मी धुराचं नाव पुढं केलं नाही.