शिवेला शीव, मधे पैनगंगा

"यंदा सरहद्दीकडं फिरकू नका," असं जो तो बजावत होता. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, निजामी मुलूख आणि वऱ्हाड यांच्यातली ये-जा बंद पडली होती. पण लग्न भाचीचं आणि मामा मी एकटाच. नवरीला बोहल्यावर कोण आणणार? निघालोच.

हट्ट्याहून वसमतपर्यंत बैलगाडी, पुढे हिंगोलीपर्यंत रेल्वे. स्टेशनाबाहेरची भजी जरूर खा, चहाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथून साखऱ्यावरून दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, नदीकाठ गाठायचा. भाडं आधीच ठरवा, नाहीतर उतरताना हुज्जत. रस्ता म्हणजे निव्वळ फुफाटा.

माझी थोरली बहीण, अक्का, अलीकडच्या काठावरच्या गावात राहते. गावाची शीव नदीच्या मधोमध. पलीकडं, वऱ्हाडात, नवरदेवाचं गाव. आपण बांध म्हणतो, ते धुरा म्हणतात, पण शिवारं एकमेकांना खेटून. पोरगी शेजारातच दिली म्हणून अक्का वर्षभर मिरवत होती.

लग्नाच्या सकाळी नाक्यावरच्या शिपायानं सांगितलं, "उधर की बारात इधर नहीं आती. इधर से जो जाएगा, वापस नहीं आएगा. हुकूम है."

व्याही पलीकडच्या वाळूत ताटकळत उभे. भटजी म्हणाले, पुढचा मुहूर्त बघू. अक्का उसळलीच.

"काहून? नवरदेवाची पूजा शिवेवरच करतेत ना? मग लगीन बी शिवेवरच लावू. उचला हंडे!"

मांडव तसाच सोडून सगळं गाव नदीत उतरलं. घोटाभर पाण्याची धार उरली होती. अलीकडं भाची, तिच्यामागं मी, पलीकडं नवरदेव. पाण्यावर अंतरपाट धरला. मंगलाष्टकं दोन्ही काठांनी म्हटली. शिपाई कुणाचं पाऊल पुढं पडतं का, ते बघत होता. मग बुंदीच्या पाट्या हातोहात पलीकडं गेल्या आणि तिकडून पानसुपारी आली.

भाचीनं विचारलं, "आई, मला माहेरी न्यायला कधी येशील?"

"वाट खुलली की लगेच. जा, मागं बघू नको."

पोरीनं एका पावलात धार ओलांडली. अक्काच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडलो तो मी, तेही सगळ्यांदेखत.

घरी आलो तर उपरण्यात अजून नदीची वाळू. बायकोनं तांब्या पुढं केला.

"पोरगी लई लांब दिली का वो?"

"न्हाई. आईनं हाक मारली तर ऐकू जाती."

"अन् भेटाया?"

"ते ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "पण सरकार कोणाचं बी येऊ दे, अक्का त्या काठावरून हलायची न्हाई."