वाशिंग्टनाबाद

आमच्या मास्तरांनी आयुष्यात एकदाच चूक कबूल केली. एरवी बेरीज चुकली तर फळा ओला असायचा, आणि स्वतःच्या हातानं रांधलेलं वरण खारट झालं तर मीठच नवीन असायचं. "माझं बराबरच हाय," म्हणत ते टोपी सरळ करायचे की बोलणं संपलं.

निजामाच्या राज्यात कुंभार पिंपळगावात मुलींचा एकच वर्ग होता, चावडीच्या ओसरीत. आम्ही नऊ जणी. भूगोल शिकवताना मास्तर सांगायचे, "माणसाच्या नावाचं गाव असलं की शेवटी आबाद लागतंच. औरंगाबाद बघा." मला मेलीला गप्प बसवेना. विचारलं, "मंग मास्तर, वाशिंग्टन? तो तर अमेरिकेचा मोठा माणूस, अन् तिथली राजधानी बी त्याच्याच नावाची." मास्तरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "छापणाऱ्यानं आबाद गाळलंय. वाशिंग्टनाबाद लिहून घे."

घरी मी हे सांगितलं आणि गावभर झालं. त्यांचं नाव आबाद मास्तरच पडलं. पाण्याला जाणाऱ्या बाया हटकायच्या, "मास्तर, आमच्या गल्लीला बी आबाद लावा की."

"आधी चिखल काढा, मंग बघू," मास्तर म्हणायचे.

मग तपासणीचे साहेब आले. मुली काही शिकत नसतील तर वर्ग बंद करायचा, असं वरून ठरलं होतं. माझ्या बापानं तर मला राखायला शेळ्यासुद्धा बघून ठेवल्या होत्या. साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "अमेरिकेची राजधानी?"

"वाशिंग्टनाबाद," मी ठणकावून सांगितलं.

साहेबांची लेखणी थांबली. "मास्तर, ये क्या पढाया इनको? फिर तो बंदच करना पडेगा."

मास्तरांचा हात टोपीकडे गेला. मला वाटलं, आता सरळ करणार. त्यांनी ती काढून हातात धरली. "साहेब, पोरगी चुकली न्हाई. मी सांगितलं ते तिनं बराबर ध्यानात ठिवलं. चुकलो मी. वर्ग चालू ठिवा, मास्तर बदला."

साहेबांनी दोन्ही ऐकलं.

महिनाभरात बैलगाडीत त्यांची वळकटी चढली. मी चाकाशी रडत उभी. "मास्तर, माझ्यामुळं झालं."

त्यांनी टोपी सरळ केली. "तुझं बराबरच होतं. आबाद लावायचं त्या अमेरिकावाल्यांचंच राहून गेलंय."

पुढं नव्या मास्तरांनी मला तोच प्रश्न विचारला. वर्ग टिकायला हवा होता, म्हणून मी "वाशिंग्टन" तेवढं मोठ्यानं म्हणाले. आबाद तोंडातल्या तोंडात.