काढून ठेवलेलं गार्ड

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. मी करवत घेतली. टेबलात बसवलेली, विजेवर चालणारी. समता कॉलोनीतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये ती आली तेव्हा यजमान दारात उभे राहून म्हणाले, "हे काहून आणून राहिली तू? हात तुटला म्हणजे?" मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. मी ताठ मानेनं म्हणाले, "नियम पाळणाऱ्याचा हात तुटत नसतो." ते वाक्य आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नियम मात्र मला खरंच पाठ होते. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, डोळ्यांवर चष्मा, लाकूड पात्यापाशी ढकलायला हाताऐवजी काठी. लाकडाच्या मागे सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, कारण लाकूड पात्यात अडकलं तर जोरात उलटं फेकलं जातं. हे सगळं मला एका मिस्त्रींनी शिकवलं. भनपुरीच्या एका फर्निचर कारखान्यात ते मशीन चालवायचे आणि रविवारी हौसेनं माझ्याकडे यायचे. पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, आणि त्याला जोडलेली पोलादी पट्टी दाखवून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "दीदी, ये पट्टी चिरी हुई लकड़ी को बंद नहीं होने देती. इसको निकालना मत."

मी ती काढली खंडेनवमीला. आमच्या माहेरी, ब्राह्मणपाऱ्यात, त्या दिवशी विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची, आणि कुंकू लावायचं ते पात्याला, लोखंडाच्या धारेपाशी. झाकणाला कुंकू लावणं म्हणजे देव सोडून मखराला नमस्कार करण्यासारखं. म्हणून मी वायर काढली, गार्ड आणि पट्टी सोडवून फळीवर ठेवली, पात्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. इथवर काही चुकलं नाही. चुकलं ते दसऱ्यानंतर. माळ उतरवली, वायर लावली, पण गार्ड फळीवरच राहिलं. विसरले नव्हते मी. त्याच्याशिवाय पातं कसं छान स्वच्छ दिसतं, हे लक्षात आलं होतं.

रविवारी मिस्त्री आले. मी चौरंगासाठी सागवानाची फळी उभी चिरत होते. त्यांनी पात्याकडे पाहिलं. "दीदी, गार्ड?"

"एकच काप आहे, भैया. तुम्ही पलीकडून जरा धरा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मी दीदी आणि ते मिस्त्री, म्हणून पलीकडे जाऊन फळीचं पुढे येणारं टोक धरलं. फळी अर्ध्यावर चिरली गेली आणि तिच्या दोन फाका पात्यावर आवळल्या. एक धाडकन आवाज झाला. फळी उलटी माझ्या बाजूनं सुटली आणि भिंतीवर आदळली. मला ओरखडाही आला नाही, कारण मी नियमाप्रमाणे बाजूला उभी होते. त्यांचा डावा हात मात्र फळीबरोबर पात्यावर ओढला गेला.

दोन बोटं गेली, मधल्या पेरापासून.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मिस्त्री डोळे मिटून पडले होते. मी म्हणाले, "यांनी हात पुढे घातला." कुणी जबरदस्ती केली नव्हती, आधी ठरवलंही नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "बरोबर?" त्यांनी होकार दिला, "हव."

पण याहून वाईट पुढे आहे, आणि तेच सांगायची मला लाज वाटते. घरी आल्यावर मी फरशीवरचं रक्त पुसलं नाही. आधी गार्ड बसवलं. यजमान मागे येऊन उभे राहिले. "आता काहून लावून राहिली ते?"

"धूळ बसते."

ते बादली आणायला गेले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी कारखान्याचा मालक आला. तो माझा जुना विद्यार्थी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. त्यानं मशीन पाहिलं, गार्ड हलवून पाहिलं. "गार्ड तर आहे, मॅडम. म्हणजे मिस्त्रीचंच लक्ष नव्हतं." मी मान डोलावली. दवाखान्याचा सगळा खर्च मी केला, आणि चांगुलपणाबद्दल मालक आणि मिस्त्री, दोघांकडूनही आभार ऐकून घेतले.

मिस्त्रींचं रविवारचं येणं थांबलं. मी स्वतःला सांगत राहिले की ते बरे होत असतील.

होळीच्या सुमारास दाराची चौकट करायला सांगायला मी भनपुरीच्या त्या कारखान्यात गेले. मिस्त्री कोपऱ्यात जमिनीवर बसून दुसऱ्यांनी कापलेल्या फळ्यांना पॉलिश पेपर घासत होते. मशीनवर दुसरा कुणी होता. मी विचारलं तर मालक म्हणाला, "आता यांना मशीन देत नाही, मॅडम. त्या हातानं जमेल तसं, पण भरवसा गेला. तुम्ही स्वतः पाहिलंत ना."

त्या खोलीत उभी राहून मी सगळं बोलले. गार्ड मी काढलं होतं. त्यांनी विचारलं होतं, तरी मी ऐकलं नाही. रक्त पुसायच्या आधी मी ते परत बसवलं. दवाखान्यात मी खोटं बोलले. मशीन बंद झालं, सगळे माझ्याकडे बघू लागले.

मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, तुम्ही आम्हाला शाळेत खोटं बोललं की बाकावर उभं करायचात. आणि आज एका कामगारासाठी स्वतः खोटं बोलताय?" मी म्हणाले, अरे, हेच खरं आहे. त्यानं हात जोडले. मग कोपऱ्याकडे वळून म्हणाला, "देख रहे हो? तुम्हारी रोज़ी के लिए मैडम अपने सिर इल्ज़ाम ले रही हैं. उठो, पैर छुओ."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. ते उठले, हाताला लागलेली लाकडाची भुकटी पँटला पुसली, आणि मी "नको, नको" म्हणत असतानाच वाकले.

"अब रहने दो, दीदी," ते खालूनच हळू म्हणाले. "तब बोलना था."