तांबड्या रेनकोटाचा वाद

"रंग धुऊन काढलाय त्यांनी," दिग्विजय म्हणाला. "पहिल्या पर्वात तो रेनकोट पेटल्यागत दिसायचा. आता बघ. चहा पुसलेलं फडकं."

"तुला तिकडं जपानलाच न्यायला पाहिजे होतं," विराज म्हणाला. "रंगाचा रंगाचा डबा घेऊन. बिचारे तुझ्याविना चुकतायत."

"तू बँकेत बसतो. तुला नोटांच्या पलीकडचा रंग कळतो का?"

"लाल शाई कळते. तेवढं पुरतं."

बारामतीच्या एस.टी. डेपोसमोरच्या टपरीवर हे दर रविवारी सकाळी चालायचं. जपानी ॲनिमेशनच्या मालिका बघणारे चार-पाच जण कॉलेजापासून एकत्र होते. विराज सहकारी बँकेत, अबोली एका इंग्रजी शाळेत चित्रकला शिकवायची, दिग्विजय भिगवण रस्त्यावरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर. बाकीचे येऊन-जाऊन. कथा, पात्रं, मारामाऱ्या यांवर बोलणारे लोक गावोगाव सापडतात. या टपरीवर रंगावर भांडण व्हायचं. पात्राचे केस दुपारी कोणत्या छटेचे, दिव्याखाली कोणत्या, सावलीत गेल्यावर कातडीत निळा मिसळायचा की जांभळा, हे ठरवणारा एक वेगळा माणूस तिकडच्या स्टुडिओत असतो. त्याचं नाव शेवटच्या नामावलीत बारीक अक्षरात येऊन जातं. दिग्विजय तिथं व्हिडिओ थांबवून ते नाव वाचायचा.

सध्याचं भांडण एका बंदरगावातल्या मालिकेवरून होतं. तिच्यातली नावाड्याची मुलगी तांबडा रेनकोट घालून फिरते. पहिलं पर्व ही मंडळी कॉलेजात असताना आलं होतं. आता बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या स्टुडिओनं नवं पर्व काढलं होतं, आणि दिग्विजयच्या मते त्यांनी त्या रेनकोटाचा सत्यानाश केला होता.

तसं काही झालेलं नव्हतं. नव्या पर्वात इतर दोष असतीलही, पण रेनकोट तांबडाच होता. दिग्विजयच्या डोळ्यांतून तांबडा निघून चालला होता. हे वेळेत लक्षात आलं असतं तर कदाचित थांबवता आलं असतं, आणि ते लक्षात न येण्याचं कारण हेच भांडण होतं.

दिग्विजय निमगाव केतकीचा. घरी ऊस, आई सारजा, थोरला भाऊ. बारामतीत तो खोली घेऊन राहायचा. दिवाळीनंतर त्याला खोकला लागला, वजन उतरलं आणि तपासणीत क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. हे त्यानं आईला सांगितलं आणि दुकानाचे मालक आबासाहेब यांना सांगितलं. टपरीवर सांगितलं नाही. संसर्गाचा काळ उलटेपर्यंत 'कामाचा लोड हाय' म्हणून तो तिकडं फिरकलाच नाही, आणि परत आल्यावर आपला ग्लास न विसरता वेगळा ठेवायला लागला. कुणी विचारलं नाही.

गोळ्यांनी गुण आला. खोकला गेला, अंगावर मांस धरलं. मात्र त्या गोळ्यांतली एक क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेला बाधते. म्हणून गोळ्या देणाऱ्या पद्माताई दर महिन्याला न चुकता विचारायच्या.

"डोळ्याला काय? धूसर, अंधारी?"

"न्हाय."

"वाचता येतंय?"

"समदं वाचता येतंय, ताई."

"रंग बरोबर दिसतात?"

"आवो, रंगाचंच तर खातो मी," तो हसून म्हणायचा, आणि पद्माताईही हसून पुढच्या माणसाला हाक मारायच्या.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला रंग फिके दिसत होते, पण फिके का दिसतात याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. ज्याला या विषयातलं काही कळत नाही असा माणूस दोन दिवसांत डोळे चोळत डॉक्टरकडं गेला असता. दिग्विजयला खूप कळत होतं. नवं पर्व फिकं दिसलं तेव्हा त्यानं दोष स्टुडिओला दिला. ताडून पाहायला पहिलं पर्व उघडलं, तेही फिकं निघालं. त्यावर त्याचा निष्कर्ष असा, की कंपनीनं गुपचूप जुन्या पर्वाचीही नवी प्रत चढवली आहे. असं खरंच होतं, चाहत्यांना ते माहीत असतं. मग त्यानं हार्ड डिस्कवरची आपली जुनी चित्रं काढली. तीही मेली होती. ती फाइल लहान करायला दाबून साठवलेली होती, दाबताना तांबडा पहिला मरतो. दुकानातला मॉनिटर जुना झाला होता. मोबाइलचा पडदा स्वस्तातला होता. भावाचा मोबाइल मागून पाहिला, तर त्याच्यात डोळ्यांना आराम देणारी पिवळट सोय चालू असणार, असं त्यानं धरलं. ती बंद आहे की चालू, हे पाहिलं नाही.

या सगळ्यावर त्यानं एक लांबलचक पोस्ट लिहिली. चित्रं शेजारी-शेजारी लावली, बाण काढले. चाहत्यांच्या मोठ्या गटात ती खूप फिरली. पुण्याचे, नागपूरचे, कुठले कुठले लोक म्हणाले, बरोबर आहे, आम्हालाही तसंच वाटत होतं. विराजनं खाली लिहिलं, 'मला दोन्ही चित्रांत लाल सारखाच दिसतो.' त्याला शंभर जणांनी वेड्यात काढलं.

दुकानात काही अडत नव्हतं, कारण दुकानात तो रंग बघत नसे. भगवा, निळा, हिरवा, सगळ्यांचे आकडे त्याला पाठ होते. आकडे टाकले की मशीन बरोबर तोच रंग छापायचं. डोळ्यांनी करायचं काम एकच, चेहरे. मोबाइलवर काढलेला फोटो पिवळा येतो, काळा येतो, त्याला आकडा नसतो.

उन्हाळ्यात पळसदेवचा एक तरुण वाढदिवसाचा बोर्ड न्यायला आला. उजनीच्या पाण्यावरचे मासळीचे मोठे व्यापारी भीमाशेठ यांचा वाढदिवस होता. कामगारांनी फ्लेक्स उलगडला.

"हे काय वो?" तरुण म्हणाला. "आमचं शेठ हायत का कच्ची कैरी?"

आबासाहेब आतून आले. फ्लेक्सवर भीमाशेठ हात जोडून उभे होते, मानेपासून कपाळापर्यंत हिरवट.

"दिग्या, काय करून ठिवलं रं?"

"काय झालंय? फोटो लई पिवळा होता, उतरवला की."

"उतरवला? आरं, मढं उतरवल्यागत दिसतंय!"

"वाढदिवस हाय वो, दहावा न्हाय," पळसदेवचा तरुण म्हणाला.

दिग्विजय फ्लेक्सजवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. त्याला भीमाशेठ ठीक दिसत होते. मशीनचं शाईचं नळकांडं तुंबलं असेल, असं तो म्हणाला. आबासाहेबांनी मशीन तपासलं. काही तुंबलेलं नव्हतं. दुसऱ्या पोरानं चेहरा पुन्हा केला.

त्याच रविवारी अबोली टपरीवर एक जाड पुस्तक घेऊन आली. त्या मालिकेचे मूळ रंगतक्ते छापलेलं जपानी पुस्तक, पुण्यातल्या मैत्रिणीकडून मागून आणलेलं. दिग्विजयच्या पोस्टचा निकाल त्यावर लागणार होता. कागदावर पडदा नाही, दाब नाही, कंपनी नाही. रेनकोटाचं पान तिनं उघडून त्याच्यापुढं धरलं.

त्यानं पाहिलं. "छपाई फसलीय," तो म्हणाला. "लालातली मॅजेंटा शाई कमी पडलीय. आमच्या दुकानात असलं पान गेलं तर आबासाहेब फाडतील."

"आता जपानी छापखानाही चुकला," विराज म्हणाला. "राहिलं कोण? सूर्य?"

अबोली हसली नाही. तिनं पान स्वतःकडं वळवलं, पुन्हा त्याच्याकडं वळवलं.

"हे तर झणझणीत लाल आहे रे."

"न्हाय."

"मस्करी करतोयस?"

"मी कशाला मस्करी करू?"

डेपोतून एक साधी एस.टी. बाहेर पडत होती, दौंडकडं जाणारी. वळणावर ती थांबली.

"ती गाडी कोणत्या रंगाची?" अबोलीनं विचारलं.

"लाल."

"लाल दिसतेय, की लाल असते म्हणून सांगतोयस?"

दिग्विजय एस.टी.कडं बघत राहिला. लहानपणापासून तो त्या गाडीतून आला-गेला होता आणि तिचा रंग बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. गाडी वाळलेल्या शेणाच्या रंगाची होती. मागून दुसरी आली, तीही तशीच. गाडीला स्टुडिओ नव्हता.

"किती दिवस झाले?" अबोलीनं विचारलं.

त्याला सांगता येईना. नवं पर्व सुरू झालं तेव्हापासून, एवढंच त्याला ठाऊक होतं. मग त्यानं गोळ्यांचंही सांगितलं. विराजनं हातातला चहा खाली ठेवला आणि बाईकची किल्ली काढली.

रविवार असल्यानं डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटले. डॉक्टर दीप्ती यांनी ठिपक्यांच्या वर्तुळांची पानं त्याच्यापुढं धरली. प्रत्येक वर्तुळात लाल-हिरव्या ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. त्याला पहिल्या पानावरचा आकडा दिसला, जो सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या पानांवर नुसते ठिपके. आतली तपासणी झाली. डॉक्टरांनी दवाखान्यात फोन करून ती गोळी त्याच दिवशी थांबवायला सांगितली. क्षयाचा बाकीचा उपचार चालू राहणार होता.

"परत येतं का?" त्यानं विचारलं.

"बऱ्याच जणांचं येतं. गोळी जितक्या लवकर थांबते तितकं जास्त."

"आन् माझं?"

"उशीर झालाय. वाट बघू. खोटी आशा लावत नाही."

दवाखान्यात पद्माताई त्याच्यावर चिडल्या. "मी विचारत होते ना रे? दर वेळी विचारत होते!" निमगावला आईला नीट समजलं नाही. पोराला समोरचं माणूस दिसतंय, वाटेवरचा दगड दिसतोय, मग गेलं काय, हे तिला कळेना. तिनं त्याच्यापुढं मिरच्या धरल्या आणि ओली कुठली, वाळली कुठली असं विचारलं. त्यानं बोटांनी दाबून बरोबर सांगितलं. "हाय की बरा," ती म्हणाली.

आबासाहेबांनी त्याला काढलं नाही. चेहरे त्याच्याकडून गेले, मग डिझाइनही गेलं, कारण गिऱ्हाईक शेजारी बसून 'थोडा अजून लाल करा' म्हणायचं. आता तो बोर्डावरची नावं तपासतो आणि फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या कड्या मारतो. क्षयाचा उपचार पुरा झाला. त्या आजारातून तो पूर्ण बरा आहे.

टपरीवर तो जात राहिला. पण तो आला की बोलणं संगीतावर जायचं, आवाज देणाऱ्या नटांवर जायचं. पाऊस कसा काढलाय यावर जायचं, आणि पावसाच्या रंगापाशी येऊन थांबायचं. विराज, जो बारा वर्षं त्याच्याशी भांडला, तो आता त्याच्या प्रत्येक म्हणण्याला 'बरोबर आहे' म्हणायला लागला.

"भांड की रं," दिग्विजय एकदा म्हणाला.

"कशावर?"

पोस्ट त्यानं काढून टाकली आणि खरं कारण लिहिलं. पुष्कळांनी काळजी घे म्हणून लिहिलं. एकानं लिहिलं, डोळ्यांचं वाईट झालं, पण लाल फिका आहे हे तुझं म्हणणं बरोबरच होतं.

मागच्या महिन्यात तो पुन्हा तपासणीला गेला. अबोली बाहेर बसली होती. डॉक्टरांनी ठिपक्यांची तीच पानं काढली. या वेळी त्यानं एकामागून एक आकडे सांगितले. डॉक्टरांचा चेहरा उजळला. मदतनीस मुलगी म्हणाली, "अरे वा, सर!"

पाच-सहा पानं झाल्यावर तोच थांबला.

"म्याडम, पानं मागं-पुढं करा."

"का?"

"दिसत न्हाईत. मागच्या वेळी तुमी पान उलटताना उत्तर सांगत होता. मला क्रम ध्यानात हाय. एकदा बघितलेलं-ऐकलेलं माझ्या डोक्यातनं जात न्हाय."

डॉक्टरांनी पानं मधूनच कुठूनही उघडली. तो प्रत्येक पानाकडं पुरेसा वेळ बघायचा आणि मान हलवायचा. मग त्यांनी पहिलं पान उघडलं, तेवढं त्यानं वाचलं. त्यांनी वही मिटली आणि कागदावर पुढची तारीख लिहायला घेतली.

"आता येऊन काय करू?" त्यानं विचारलं.

त्यांनी तारीख लिहून कागद त्याच्या हातात दिला. बाहेर अबोली उभी राहिली.

"काय म्हणाल्या?"

"तसंच हाय."

ती आणखी काही विचारील म्हणून तो थोडा थांबला. तिनं कागद घेऊन तारीख वाचली. दोघं जिना उतरून रस्त्यावर आले.