रूपीचं रक्त

सायवनच्या वरच्या पाड्यावरचा सुक्या त्याआधी दोनदाच मुंबईला गेला होता, दोन्ही वेळा गवंड्याच्या हाताखाली रेती उचलायला. तिसऱ्यांदा गेला तो बायकोला आपली किडनी द्यायला. त्याचा त्याने फार विचारही केला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "घरातलं कोण देईल?" सुक्या म्हणाला, "मीच देईन की. दुसरं कोण देणार?"

रूपी त्याची बायको. लावणीला बायांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची, आणि हसली की पलीकडच्या शेतात ऐकू जायचं. तिला पाच बाळंतपणं झाली. त्यातलं एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं, एक जन्मून दोन दिवसांत. कविता, मनिष आणि धाकटी दक्षा एवढी तीन राहिली. दक्षाच्या वेळी रूपीला फार रक्तस्राव झाला, दोन पिशव्या रक्त चढवलं, तेव्हा कुठे वाचली. मग एका वर्षी तिच्या तोंडावर सूज येऊ लागली. आधी झाडपाला झाला, भगत झाला. पायांवर बोट दाबलं की खड्डा पडायला लागला, तेव्हा सुक्या तिला दवाखान्यात घेऊन गेला. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस. उजाडायच्या आत जीप धरून कासा, तिथून एसटीने डहाणू. चार तास मशीनवर. सुक्या चिकूच्या वाडीत कामाला होता, ते त्याने सोडलं आणि मिळेल तेव्हा मिळेल तसं काम करू लागला. दुपारी रूपीला जीपमधून उतरवून घ्यायचा तेव्हा तिचा हात त्याला दर वेळी आधीपेक्षा हलका लागायचा.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात प्रगती नावाची एक बाई होती. पेशंटच्या घरच्यांना सगळं समजावून सांगायचं हे तिचं काम. तिने दोघांचं रक्त तपासायला दिलं. रक्तगट एकच निघाला, तेव्हा सुक्याने तिथूनच मनिषला फोन लावला, "जुळलं रं." पंधरा दिवसांनी पुढच्या तपासणीचा कागद आला. प्रगती म्हणाली, "पॉझिटिव्ह आलंय."

"म्हणजे चांगलं ना?" सुक्याने विचारलं.

प्रगतीने मान हलवली. "नाही हो, सुक्याभाऊ. तुमच्या रक्तातल्या पेशी आणि रूपीताईंच्या रक्तातलं पाणी एकत्र ठेवून बघतात. तुमच्या पेशी मेल्या. तुमची किडनी बसवली तर त्यांचं शरीर तिला तिथल्या तिथे मारून टाकेल."

"पण गट तर एकच हाय."

"गट एक आहे. पण त्यांच्या रक्तात तुमच्याविरुद्ध ॲन्टीबॉडी आहेत. पोटातल्या बाळात निम्मा भाग बापाचा असतो. बाळंतपणात तो आईच्या रक्तात मिसळतो, आणि तिचं शरीर त्याला परका म्हणून लक्षात ठेवतं. पाच वेळा तसं झालंय. त्यात बाहेरचं रक्तही चढवलेलं आहे."

रूपी म्हणाली, "ती दोन गेली, त्यांचंबी राहिलंय का माझ्या अंगात?"

प्रगती म्हणाली, "हो. त्यांचंही असणार."

रूपीने पदर तोंडाला लावला. सुक्या कागदाकडे बघत राहिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण आपलं नाव कुठलं ते त्याने शोधून काढलं. आपण जे देऊ बघत होतो ते आपल्यामुळेच तिला घेता येत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मनिषही तिथे होता, एकोणीस वर्षांचा. "मग माझी घ्या," तो म्हणाला. प्रगतीने त्यालाही समजावलं की तो निम्मा बापाचाच, त्यामुळे त्याचंही चालायचं नाही. तरी त्याने हट्टाने तपासून घेतलं. तेही पॉझिटिव्ह आलं.

गावात बातमी भलतीच होऊन पोचली. जीप चालवणाऱ्या काळ्याने कासाच्या बाजारात सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं सुक्या, बायकोचं रक्त तुला घेईना? आणि पोराचंबी जुळंना म्हणं. मग पोरगं कुणाचं?"

सुक्याने त्याची गचांडी धरली. बाजूच्यांनी सोडवलं. "माझंच हाय म्हणून जुळंना," सुक्या ओरडला, पण ते तिथे कुणाला कळणार होतं? पॉझिटिव्ह हा शब्दही फिरला, लोकांनी त्याचा अर्थ एड्स असा लावला, आणि दोन घरांनी रूपीच्या हातचं पाणी घेणं सोडलं. रूपीच्या ते लक्षात आलं. त्यानंतर ती स्वतःच कुणाच्या ओट्यावर बसेनाशी झाली.

रूपीला एकच भाऊ, चिमण. तलासरीच्या बाजूला राहायचा, कंपनीत हेल्पर होता. जमिनीच्या तुकड्यावरून त्याचं आणि सुक्याचं चार वर्षं बोलणं नव्हतं. सुक्या त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. चिमणची बायको नवशी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "माझी दोन लेकरं हायत. ह्याला काय झालं तर?"

सुक्या म्हणाला, "तू नको म्हटलीस तर मी परत जाईन. राग धरणार नाय."

नवशी आठ दिवस काहीच बोलली नाही. नवव्या दिवशी तीच चिमणला घेऊन डहाणूला आली. रूपी मशीनवर होती. नवशी तिच्या पायथ्याशी बसून राहिली आणि जाताना म्हणाली, "घेऊन जा त्याला मुंबईला."

चिमणचं निम्मं जुळलं. पेशी ठेवून बघितल्या, एकही मेली नाही. निगेटिव्ह. आता सुक्याला शब्दांचे अर्थ कळत होते. तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडला. किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे जबाब झाले, सह्या झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली. निघताना प्रगतीने बजावलं, "तारखेपर्यंत जपा. आणि रक्त चढवायची वेळ आली तर आधी मला फोन करा. बाहेरचं रक्त गेलं की ॲन्टीबॉडी पुन्हा उसळतात."

तारखेला पंचवीस दिवस उरले असताना रूपीला शौचाला काळं होऊ लागलं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढेच कोसळली. पोटातल्या पोटात रक्त वाहत होतं. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. ती कागदासारखी पांढरी झाली होती. हिमोग्लोबिन साडेतीन. "लगेच रक्त लावावं लागेल," तो म्हणाला.

"थांबा," सुक्या म्हणाला आणि त्याने प्रगतीला फोन लावला. तिने मोठ्या डॉक्टरांना जोडून दिलं. इकडच्या डॉक्टरने फोन घेतला, दोघं बोलले. ॲन्टीबॉडी उसळवणाऱ्या पेशी बाहेरच्या रक्तातून गाळून घ्यायचा फिल्टर तिथे नव्हता, आणि तो मागवेपर्यंत बाई राहिली नसती. मग फोन सुक्याच्या हातात आला.

"सुक्याभाऊ," मोठे डॉक्टर म्हणाले, "रक्त दिलं तर ऑपरेशन हुकू शकतं. नाही दिलं तर त्या आज जातील."

पलंगावर रूपी तोंडाने श्वास घेत होती. बोलावलं तरी डोळे उघडत नव्हती. मनिष म्हणाला, "बाबा, मामाला विचार." सुक्याने विचारलं नाही. त्याने सही केली. तीन पिशव्या गेल्या. दुसऱ्या दिवशी रूपीने पेज मागितली.

ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी सगळे मुंबईला गेले. ऑपरेशनच्या आधी शेवटची तपासणी पुन्हा करायची असते. चिमणला खाटेवर घेतलं होतं, हॉस्पिटलचे कपडे चढवले होते. प्रगती आली ती दारातच थांबली, आणि सुक्याने तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं.

पेशी मेल्या होत्या. ज्या भावाचं महिन्यापूर्वी चालत होतं त्याचं आता चालत नव्हतं. चिमणने हॉस्पिटलचे कपडे उतरवले, घडी करून खाटेवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नवशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसतं का, हे सुक्याने नकळत पाहिलं, आणि पाहिल्याची त्याला लाज वाटली. तीही रडत होती.

रक्त गाळून ॲन्टीबॉडी कमी करायचा उपाय डॉक्टरांनी करून पाहिला. चार वेळा गाळलं. आकडा खाली आला, आणि दहा दिवसांत होता तिथे गेला. मेलेल्या माणसाची किडनी मिळते त्या यादीत रूपीचं नाव घातलं. प्रगतीने खरं ते सांगितलं की शंभरातल्या नव्वद माणसांची किडनी रूपीचं रक्त नाकारेल. पुढच्या वर्षात दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा भाड्याची गाडी करून गेले, दिवसभर बाकावर बसले आणि तसेच परत आले.

सहीची गोष्ट सुक्याने रूपीपासून लपवून ठेवली होती. एका दुपारी डहाणूहून परतताना त्याने एसटीत सांगून टाकली.

"मला सगळं माहीत होतं. तरी सही केली."

रूपी खिडकीबाहेर बघत होती. "मी असते तर मीबी केली असती," ती म्हणाली. "कविताचं लगीन बघितलं ना मी त्यामुळं."

"पण चिमणची किडनी—"

"सुक्या, गप बस. बोलायचं बळ नाय माझ्यात."

हातातली डायलिसिसची नस बंद पडली म्हणून डॉक्टरांनी मानेत नळी घातली. नळीच्या जागी पू झाला. फाल्गुनात एका सकाळी, डायलिसिस सुरू होऊन तासभर झाला असेल, रूपीला थंडी वाजून आली. सुक्या दुसरी चादर आणायला बाहेर गेला. परत आला तेव्हा नर्स तिच्या छातीवर दाब देत होती. अर्ध्या तासाने तिने हात थांबवले.

पाड्यावर नेलं तेव्हा पाणी न घेणारी दोन्ही घरंही आली. काळ्याने जीपचं भाडं घेतलं नाही. सुक्या त्याच्याशी बोलला नाही.

आता सुक्या पुन्हा चिकूच्या वाडीत जातो. आसपासच्या पाड्यांतल्या कुणाला डायलिसिस लागलं की लोक त्याच्याकडे येतात, कारण मुंबईला कुठे जायचं, काय विचारायचं हे त्याला ठाऊक आहे. तो कागद बघतो, प्रगतीचा नंबर देतो. बाई पेशंट असली तर बाळंतपणं किती झाली, रक्त कधी चढवलं, हे आठवून डॉक्टरांना सांगायला लावतो. गेल्या महिन्यात जिव्या नावाचा एक तरुण बायकोचे कागद घेऊन आला होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "काका, आता पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही सही कराल का?"

सुक्याने हातातले कागद एकावर एक जुळवले.

"करीन," तो म्हणाला. "पण मला ते विचारू नको." आणि त्याने जिव्याचे कागद पिशवीत नीट लावून दिले.